पेटवण्यापुरता झुरका

डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो उजेडाच्या पेटीवर लावला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "रोज किती ओढता?" मी म्हणालो, ओढत नाही. "सोडलीत ते चांगलं केलंत. पण किती वर्षं ओढलीत?" मी म्हणालो, उभ्या आयुष्यात ओढलेली नाही. त्यावर ते हसले. वाईट हसले नाहीत. दिवसाला दहा माणसांचं खोटं ऐकून घेणारा माणूस जितपत हसेल तितपतच हसले, पण मला ते फार लागलं. मी दारू पीत नाही, मटण खात नाही, जेवणानंतर बडीशेपसुद्धा घेत नाही. गळ्यात लिंग आहे, सकाळी पूजा केल्याशिवाय चहा नाही. आणि असा हा सोमशेखर नावाचा सोवळा माणूस गेली पंधरा वर्षं शिरोलीच्या एका परमिट रूमचा मॅनेजर आहे, हे सांगितलं तेव्हा मात्र डॉक्टरांचं हसू गेलं. त्यांनी पुन्हा फोटोकडे पाहिलं. "मग दुसऱ्यांचा धूर," ते म्हणाले. "छातीला काय, धूर कुणाच्या तोंडातून आला ते कळत नाही. तो बंद करा. नाहीतर दोन वर्षांनी घरचा जिना चढताना तीनदा बसाल." बंद करा म्हणजे जणू परमिट रूमच्या भिंतीला धुराचा नळ होता आणि तो मी उगाच चालू ठेवला होता. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून बाहेर पडताना तो काळा-पांढरा फोटो पिशवीत घालून मी चालत होतो, आणि माझ्या छातीत चार वर्षांपूर्वी गेलेला पिराजी बसलाय असं मला उगीचच वाटलं.

धुराशी माझं भांडण जुनं आहे. त्र्याण्णव साली मी कामाला लागलो तेव्हा हॉलला सहा खिडक्या होत्या, त्यातून एमआयडीसीची काळी धूळ यायची पण धूर तरी जायचा. पुढे मालक बाळासोंनी एसी बसवला आणि खिडक्यांना पत्रे मारले. तेव्हापासून संध्याकाळी सातनंतर समोरच्या भिंतीवरचं घड्याळ मला दिसत नसे. फाउंड्रीतली माणसं दिवसभर भट्टीपुढे धूर खाऊन यायची आणि इथे येऊन स्वतःचा सोडायची. मी सांगून बघितलं, भांडून बघितलं. पंखा बसवा म्हणून बाळासोंच्या मागे लागलो, एक कोपरा तरी बिनधुराचा ठेवा म्हणून लागलो. गिऱ्हाईकं गंमत करायची. "मॅनेजर, परमिट रूममधी बसून धूर नको म्हणताय. उद्या म्हणशीला, रंकाळ्यात पाणी नको." मी हसायचो नाही. घरी गेल्यावर दानेश्वरी, माझी बायको, मला दारातच शर्ट काढायला लावायची, तो वेगळ्या बादलीत टाकायची. अलीकडे ती म्हणायची, शर्टाचं सोडा, तोंडालाच वास येतोय. मी म्हणायचो, नाकातोंडात जातो तो कुठे जाईल. हॉटेलात, परमिट रूममध्ये, जिथे चार माणसं जेवतात तिथे सिगरेटला बंदी असली पाहिजे, हे माझं मत मी मिळेल त्याला ऐकवत होतो, आणि हे मत असणारा शिरोलीत बहुधा मी एकटाच होतो.

खरं तर धुराच्याही आधीची ओळख तंबाखूची. माझी अव्वा, गंगव्वा, निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होती. चाळायची, कुटायची. मी तान्हा असताना तिथेच आढ्याला धोतराची झोळी बांधून मला त्यात टाकायची. वखारीत आलेलं मूल पहिले दोन दिवस शिंकतं, मग रडायचंच थांबतं आणि नुसतं झोपतं, असं ती कौतुकानं सांगायची. "नी बहळ शाणा इद्दी," म्हणायची, फार गुणाचा होतास तू. हवेत तंबाखूच्या भुकटीचा इतका खकाणा असायचा की कवडशात बोट फिरवलं तर रेघ उमटायची म्हणे. तिचे हात, पदर, तिचं दूध, सगळ्याला तो वास होता. पुढे शाळेत जायला लागल्यावर मला त्या वासाची शिसारी आली आणि मी तिच्या कुशीत झोपणं सोडलं. ती हात दगडावर घासून घासून धुवायला लागली. हे मला डॉक्टरांकडून परतताना बसमध्ये आठवलं.

पिराजी हा माझा दोस्त. कोडोलीचा. शिरोलीतल्या एका फाउंड्रीत मोल्डर होता, वाळूचे साचे करायचा. दुसऱ्या पाळीला नसेल तेव्हा सव्वासातला येऊन पाच नंबरच्या टेबलावर भिंतीला पाठ लावून बसायचा. अंगाने आडवा, आवाज मोठा, बोलणं तोडून टाकल्यासारखं. मला सोमू म्हणणारा माझ्या घराबाहेरचा तो एकटाच. एक क्वार्टर, एक प्लेट शेंगदाणे आणि बिनफिल्टरची सिगरेट, टोक दातांनी चावत ओढलेली. मी गल्ल्यावरून उठून त्याच्यासमोर दहा मिनिटं बसायचो, खोकायचो, त्याला शिव्या घालायचो. तो म्हणायचा, "तुला तरास हुतोय न्हवं? उद्यापास्नं सोडतो." असं तो दहा वर्षं म्हणत होता. दोन हजार चारच्या मार्चअखेर तो छातीच्या दुखण्याने गेला. वाळूने गेला की सिगरेटने, हे डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही.

दहाव्याला मी कोडोलीला गेलो होतो. आमच्यात, लिंगायतांत, दहावा नाही, कावळा नाही. माणूस गेला की बसवून पुरतात आणि तो शिवाजवळ गेला असं मानून घरी येतात. तिथे ओढ्याकाठी पिंड मांडून पन्नास-साठ पुरुष उन्हात उभे होते आणि बाभळीवर कावळे बसले होते. एक खाली येईना. ज्याला जे सुचेल ते तो मोठ्यानं कबूल करत होता. पोरीचं लग्न करून देऊ. पोराला कामाला लावू. विहिरीच्या वाटणीचं भांडण मिटवू. कुणीतरी पिंडाजवळ त्याची सिगरेट पेटवून ठेवली, ती वाऱ्याने विझली. दीड तास झाला. माझं डोकं भणभणत होतं, घसा सुकला होता, संध्याकाळच्या आत मला शिरोलीला पोचायचं होतं. खरं सांगायचं तर मला फक्त घरी जायचं होतं. ज्यावर माझा विश्वासच नाही त्यापुढे बोलायला काय जातं, अशा हिशेबाने मी पुढे होऊन म्हणालो, "पिराजी, तुझी सिगरेट तुझ्या टेबलावर रोज लागेल. मी लावीन. ये बाबा." मला खोकला आला आणि मी वाकलो. वर बघतो तर कावळा पिंडावर. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एका म्हाताऱ्याने माझे पाय धरले.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला मी पाच नंबरवर गेलो आणि पाकीट फोडलं. सिगरेट नुसती काडी लावून पेटत नाही हे मला तोवर माहीत नव्हतं. एका बाजूने कागद जळतो आणि ती मरते. गॅसवर धरून बघितली, मेणबत्तीवर धरून बघितली. शेवटी संगमेश, आमचा जुना वेटर, गडहिंग्लजचा, तो म्हणाला, "मॅनेजर, आत वडल्याबिगार ती धरत न्हाय." म्हणून एक झुरका. पेटवण्यापुरता. मीठ बघायला आचाऱ्याने थेंबभर रस्सा जिभेवर घेतला तर त्याला कुणी जेवला म्हणत नाही, तसा तो झुरका मी ओढण्यात धरला नाही. पेटवायची, ॲश-ट्रेच्या खाचेत त्याच्या बाजूला तोंड करून ठेवायची, समोरच्या खुर्चीत मिनिटभर बसायचं, आणि उठायचं. हे मी चार वर्षं केलं. परमिट रूम उघडी असलेली एक संध्याकाळ चुकवली नाही.

पहिल्या काही महिन्यांत ती सिगरेट तशीच जळून जायची, राखेची अखंड कांडी पडून राहायची. मग बदल व्हायला लागला. राख तुकड्यातुकड्याने झटकल्यासारखी दिसायला लागली. थोटूक ओलं लागायला लागलं. एके दिवशी मी ते उचललं तर टोक चावलेलं होतं, उजवीकडून, पिराजी चावायचा तसं. मी ते कुणाला दाखवलं नाही, मुठीत धरून मोरीत टाकलं. माझं त्या वेळचं लक्षही चमत्कारिक झालं होतं. मिनिटभर बसलो असं वाटायचं आणि घड्याळात दहा-बारा मिनिटं गेलेली असायची. थकव्याने डुलकी लागत असेल, मी म्हणायचो. पेटवल्याचं आठवायचं, थोटूक आठवायचं, मधलं काही नाही; नुसतं कुणीतरी हळूहळू झुलवत असल्यासारखं अंगात उरलेलं असायचं. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. त्या वेळेला शेजारच्या टेबलांवरची माणसं आवाज खाली आणायची. वेटर तिकडे फिरकायचे नाहीत. कुणी नवखा पाच नंबरवर बसायला गेला तर जुनं गिऱ्हाईक त्याची बाही धरायचं. म्हणजे मला जे जाणवत होतं ते त्यांनाही दिसत होतं. मी घाबरलो होतो का? घाबरलो होतो. पण त्या भीतीत एक निवांतपणाही होता, कारण तो येत होता. मी शब्द पाळत होतो आणि तो येत होता.

अशात बंदीची बातमी आली. दोन ऑक्टोबरपासून हॉटेलात, परमिट रूममध्ये, सगळ्या सार्वजनिक जागी सिगरेट बंद. मी ती बातमी तीनदा वाचली. आयुष्यात कधी सरकारबद्दल मला एवढं प्रेम वाटलं नव्हतं. बोर्ड मीच रंगवून आणला, लाल अक्षरात, आणि चांगला गल्ल्यामागे डोक्यावर ठोकला. ॲश-ट्रे गोळा करून पोत्यात भरले. बाळासो हे सगळं दात कोरत बघत होते. "आन पाच लंबर?" त्यांनी विचारलं. मी पोतं कोपऱ्यात ढकललं. "एक सिगरेट लागली तर काय हुतंय, न्हाय का? पर सोमशेखर, एकाला चालतंय म्हणल्यावर दुसरा बी लावणार. मग तुजा बोर्ड कशाला? निस्ता भिंतीला खिळा." ते बरोबर बोलत होते, आणि तेच मला सोसेना. इतके दिवस त्या धुरात पिराजीचा धूर मिसळून गेलेला होता. आता तो एकटाच उरणार. तो ठेवला तर बंदी टिकणार नाही, आणि बंदी नसेल तर माझी छाती नाही. बंद केला तर कावळ्यासमोर दिलेला शब्द मोडला, आणि जो रोज सव्वासातला येऊन बसतो त्याला मी कुठल्या तोंडाने उठ म्हणू?

दोन ऑक्टोबरला गांधी जयंती. दारू बंद, परमिट रूम बंद. कायदा लागू झाला तो नेमका अशा दिवशी की कुणाला कळलंही नाही. मी सकाळची एसटी धरून कोडोलीला गेलो. पिराजीची बायको चिमणाबाई पडवीत सोयाबीनच्या शेंगा वाळत घालत होती. नवरात्र होतं, आत घट बसलेले, धान नुकतं अंकुरलेलं. "आज हाटेलाला सुट्टी जनू, भावजी?" ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली. मी भिंतीवरच्या पिराजीच्या फोटोकडे न बघता बसून राहिलो. चहा झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. डॉक्टर, फोटो, कायदा, बोर्ड. म्हटलं, "मी शब्द दिलाय वहिनी. तो तुम्हीच सोडवू शकता. तुम्ही म्हणाल तर उद्यापासून लावत नाही. नाही म्हणाल तर नोकरी सोडतो, पण लावीन."

तिने कप खाली ठेवला. "तुमी आजून लावताय व्हय?"

"रोज."

"आवो, पर ह्येंनी वडतच नव्हतं की."

मला वाटलं, तिला नीट कळलं नाही. मी म्हणालो, पिराजीची सिगरेट, त्याच्या टेबलावर.

"त्येच म्हणतोय न्हवं मी. सोडली हुती. जायच्या आदी सा-सात म्हैनं. गणपती बुडीवला आन त्याच सांजचं पाकीट टाकून दिलं." ती फोटोकडे बघून बोलत होती. "डाक्टरानं सांगून सोडली न्हाय, पोरगी रडली तरी सोडली न्हाय. मला म्हणालं, सोमू लई खोकतोय. मी हितनं उठून जातो, त्येच्याच जाग्यात बसतो आन त्येच्याच तोंडावर धूर सोडतो, बरं दिसंना. तुमच्यापायी सोडली."

"पण वहिनी, तोंडात असायची त्याच्या. मी रोज बघत होतो."

"आसायची की. सवं लागल्याली, नुसती चघळायचं. पेटीवल्याली बघितलासा का?"

मी आठवायला लागलो. पडवीत बसून, फोटोखाली, मी त्या सात महिन्यांतली एकेक संध्याकाळ आठवायला लागलो आणि मला धुराशिवाय काही आठवेना. हॉल भरून धूर, आणि त्यात पिराजी, तोंडात सिगरेट. टोकाला ठिणगी होती की नव्हती? त्या दिवसांत पाच नंबरचा ॲश-ट्रे स्वच्छ असायचा, हे आठवलं. संगमेश टेबल चांगलं ठेवतो असं मी म्हणालोही होतो. आणि एक संध्याकाळ आठवली, थंडीतली. मला खोकल्याची उबळ आली होती आणि मी त्याच्यावर ओरडलो होतो, तुझ्याच धुराने मरणार बघ मी एक दिवस. त्याने तोंडातली सिगरेट काढली, तिच्याकडे बघितलं, खिशात घातली. "व्हय की," म्हणाला. पेटलेली सिगरेट कुणी खिशात घालत नाही. एवढं साधं मला दिसलं नाही. पंधरा वर्षं सगळ्या जगाच्या धुराबद्दल बोंबलत होतो, आणि ज्या एका माणसाने माझं ऐकलं तो समोर बसलेला मला कळला नाही.

"मग त्या दिवशी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"आमच्यात बायका वड्यावर येत न्हाईत. गडीमान्सं घरला आली ती सांगतच आली, सोमूभावजी बोललं आन कावळा शिवला. शिवल्यावर मी काय म्हणू? म्हणलं, आसंल इच्छा ऱ्हायल्याली."

"मग कावळा कशासाठी थांबला होता?"

"कुणाला म्हाईत. ऊन हुतं. कावळ्याला बी ऊन लागतंय की." तिने शेंगांवरून हात फिरवला. मग थांबली आणि माझ्याकडे वळून सहज विचारल्यासारखं म्हणाली, "तर मग भावजी, चार वर्सं ती कोण वडतंय?"

परतीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली होती. वारणेकाठचा ऊस, वाठारचा फाटा, सगळं नेहमीचं होतं. कपाळ काचेला टेकवून मी तिचा प्रश्न बाजूला सारत होतो. पिराजी नाही, तर कोण? चार वर्षं मी ज्याला बोलावत होतो तो सिगरेट सोडलेला माणूस होता. मग त्याच्या खुर्चीत येऊन बसत होता तो कोण? कुणाला मी रोज पेटवून देत होतो? मला घाम सुटला. शेजारचा माणूस म्हणाला, "पावणं, बरं वाटंना काय?" मी मान हलवली. त्या रात्री दानेश्वरीला मी काही सांगितलं नाही.

तीन तारखेची संध्याकाळ मी कधी विसरणार नाही. निम्मी गिऱ्हाईकं नवरात्राच्या उपासाला, बाकीची आली ती बोर्डाखाली उभी राहून वाचत होती, खिसे चाचपत होती, हातांचं काय करावं ते न समजून शेंगदाणे सोलत होती. ओढणारे मागच्या दाराने बोळात जात होते आणि परत येत होते. आणि हवा! सहा वाजले, सात वाजले, घड्याळ दिसतच होतं. छत पिवळं पडलंय हे दिसलं. पंधरा वर्षं ज्यांना ओळखत होतो ती माणसं म्हातारी झाल्याची दिसली. पांढऱ्या रश्श्यात नारळ असतो, त्याला वास असतो, हे मला त्या दिवशी गल्ल्यावर बसून कळलं. मी श्वास घेतला, तो आत गेला, आणखी आत गेला, आणि खोकला आला नाही. मला आनंद झाला. बंदी हवी होती, ती आली होती, आणि मी म्हणत होतो ते सगळं खरं होतं. पाच नंबर रिकामं होतं. त्यावर ॲश-ट्रे नव्हता. सात वाजून दहा मिनिटांनी मी संगमेशला जवळ बोलावलं.

"संगमेश, पाच नंबरची सिगरेट रोज कोण ओढायचं?"

तो खांद्यावरच्या फडक्याने आधीच पुसलेला गल्ला पुसायला लागला. "काय मॅनेजर. आज का काढलासा त्यो विषय?"

"खरं सांग."

"तुमीच की," तो म्हणाला.

मी म्हणालो, "पेटवण्यापुरता एक झुरका."

"न्हाय. सगळी." तो माझ्याकडे बघत नव्हता. "चटका बसंस्तोवर. डोळं मिटून, टोक चावत. पयल्यांदा दोन-तीन झुरकं घ्यायचासा, मग सगळीच. बाळासोंनी सांगितल्यालं, मॅनेजरला त्या येळंला कुणी हाक मारायची न्हाय, त्येचा दोस्त गेलाय. गिऱ्हाईकास्नी बी म्हाईत हाय. म्हणून तर कुणी तिकडं येत न्हवतं."

"चार वर्षं?"

"चार वर्सं. आमास्नी वाटलं, तुमास्नी म्हाईत आसंल."

तो दोन नंबरची ऑर्डर घ्यायला गेला. मी माझा उजवा हात उजेडात धरला. पहिल्या दोन बोटांच्या आतल्या बाजूला पिवळट डाग होता, घासून न जाणारा. तो मी आजवर हळदीचा समजत होतो, आणि मी स्वयंपाकघरात कधी हळदीला हात लावत नाही. मला रडू आलं नाही, हसू आलं नाही. घड्याळ सव्वासातवर आलं तेव्हा जीभ कोरडी पडली. मग छातीच्या मधोमध, जिथे इतका वेळ स्वच्छ हवा जात होती तिथे, एक खड्डा पडला आणि तो हवेने भरेना. हे भूत नव्हतं. पिराजी नव्हता. मला सिगरेट हवी होती. इतकी हवी होती की बोर्डाची लाल अक्षरं माझ्यासमोर हलायला लागली. गल्ल्याच्या खणात पाकीट होतं. पाच नंबरचं टेबल दहा पावलांवर होतं. तिथे जाऊन मी बसलो असतो तर कुणी अडवलं नसतं. सगळ्यांनी आवाज खाली आणले असते, आणि कायदा पहिल्याच दिवशी माझ्या हातून मेला असता. मी पाकीट उचललं आणि मागच्या दाराने बोळात गेलो.

बोळात दारावर एक बल्ब होता, सोड्याच्या रिकाम्या क्रेटच्या रांगा होत्या आणि पाच-सहा माणसं उभी होती. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नुकता कामाला लागलेला एक तरुण तणतणत होता, "पैसं देऊन प्यायचं आन वडायला गटारीकडंला उबं ऱ्हायाचं. कुनाच्या डोक्यातनं आलं आसंल ह्ये?" जुन्यांपैकी एकाने माझ्याकडे बोट केलं. "सरकारच्या आदी ह्येंच्या." तरुण ओशाळला. कुणी हसलं नाही. त्यांनी थोडं थोडं सरकून क्रेटजवळ माझ्यापुरती जागा केली, जशी रोजच्या माणसाला करतात, आणि जुन्याने काडी ओढून ओंजळीत धरली. "मी ओढत नाही," असं म्हणायला मी तोंड उघडलं. मग वाकलो.

ती सिगरेट मला पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवते. डोळे मी उघडे ठेवले होते. पहिल्या झुरक्याला कडू लागली, दुसऱ्याला घशात उतरली, तिसऱ्याला अंग हलकं झालं आणि ते झुलणं सुरू झालं, मंद, आढ्यापासून लोंबल्यासारखं. पण मी झोपलो नाही. मी वाट बघत होतो. चौथा, पाचवा, सहावा. पिराजी आला नाही. दात टोकावर आले होते ते माझेच होते. तेव्हा मला त्याची आठवण आली, चार वर्षांत पहिल्यांदाच, आणि इतकी आली की मी भिंतीला हात लावून उभा राहिलो. तो सात महिने न पेटवलेली सिगरेट तोंडात धरून माझ्यासमोर बसला होता, आणि मी त्याच्या नावाने चार वर्षं धूर केला. हे आता कुणाला सांगायचं होतं? कुठल्या कावळ्याला? चटका बसला तेव्हा मी थोटूक टाकलं, चपलेने विझवलं, आणि खोकायला लागलो. खोकता खोकता डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना.

जुन्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "ऱ्हाऊ द्या मॅनेजर," तो म्हणाला. "उद्या येऊ नगासा." मी मान हलवली. उद्या सव्वासात वाजणारच होते, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. बाकीचे एकेक करून आत गेले. तो तरुण शेवटी उरला, त्याची अजून अर्धी होती. ती तशीच बोटांत लपवून तो दाराशी गेला, दार अर्धं उघडून आत कोण आहे ते बघत उभा राहिला, आणि बोळातला धूर त्याच्या खांद्यावरून हॉलमध्ये शिरायला लागला. मी डोळे पुसले.

"दार लावून घ्या पाहुणे," मी म्हणालो. "आत धूर जातोय."